हृदयातला स्टेंट आणि कंपनीचा शेअर



आपल्या कार्यक्षेत्रात आता असे गाव सापडणे कठीण, की जिथे कुणाची अँजिओप्लास्टी झालेली नाही. त्यामुळे यंदा ऊसबिलाचा हप्ता खात्यावर पडताच काही सभासदांनी आम्हांला निराळाच प्रश्न केला. "एवढे स्टेंट लागतात, तर ते बनवणाऱ्या कंपनीचेच शेअर घेऊन ठेवले तर?" प्रश्न चांगला आहे. पण आधी वस्तू काय ते पाहू.

हृदय हा रक्ताचा पंप खरा, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते पुरवणाऱ्या रोहिण्यांत चरबीचा थर साचतो, ठिबकच्या नळीत क्षार धरतात तसा. वाट अरुंद झाली की चढ चढताना छाती भरून येते. अशा वेळी मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी आत सरकवतात, अडथळ्यापाशी तिच्या टोकाचा फुगा फुगवतात आणि धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, तिथे बसवतात. रोगी जागाच असतो. साचलेला थर बाहेर काढतात असे पुष्कळांना वाटते, ते बरोबर नाही. तो भिंतीशी दाबला जातो, एवढेच. म्हणून गोळ्या सुटत नाहीत आणि तंबाखू सोडावीच लागते.

ही युक्ती आंद्रेआस ग्रुंटझिग या डॉक्टरांची. स्वतःच्या घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यांनी फुगे तयार केले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकला पहिल्या रोग्यावर प्रयोग यशस्वी केला. नुसत्या फुग्याने उघडलेली वाट पुष्कळांत काही महिन्यांनी पुन्हा आवळे. म्हणून १९८६ साली फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये स्टेंट आला, आणि पुढे औषधाचा लेप दिलेला स्टेंट.

आता पैशाची बाजू. १९९४ साली जॉन्सन अँड जॉन्सनच्या स्टेंटला अमेरिकेत परवानगी मिळाली व तिथला जवळजवळ सगळा बाजार तिच्या हाती आला. ऑक्टोबर १९९७ मध्ये गायडंट कंपनीने जास्त लवचीक स्टेंट आणला. वर्षभरातच पहिलीचा बहुतेक बाजार गेला! २००३ साली लेपाच्या स्टेंटने ती पुन्हा वर आली, तर पुढच्याच वर्षी बोस्टन सायंटिफिकचा स्टेंट समोर उभा. अखेर २०११ साली तिने स्टेंटचा धंदाच बंद करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे को ७४० मागे पडून को ८६०३२ आला तसेच हे. फरक इतकाच, की बेणे बदलायला आपल्याला वर्षे लागली, डॉक्टरांना महिने पुरले.

जिंकणाऱ्याचे तरी काय झाले? बोस्टन सायंटिफिकने २००६ साली सुमारे २७ अब्ज डॉलर मोजून गायडंट विकत घेतली आणि कर्जात रुतली. २००४ साली ४० डॉलरच्या वर गेलेला तिचा शेअर २०१२ साली ६ डॉलरच्या खाली होता. जुना भाव पुन्हा दिसायला एकूण पंधराएक वर्षे गेली. ॲबटचा विरघळणारा स्टेंट २०१६ साली अमेरिकेत मंजूर झाला. त्यात रक्ताच्या गुठळ्या जास्त होतात असे दिसून २०१७ साली त्याची विक्री थांबली.

आणखी एक गोष्ट. २०१९ साली जाहीर झालेल्या 'इस्केमिया' या पाच हजारांवर रोग्यांच्या चाचणीत असे दिसले, की ज्यांचा आजार स्थिर आहे त्यांना नुसत्या औषधांच्या तुलनेत स्टेंट किंवा बायपासने छातीचे दुखणे कमी होते, पण मृत्यू टळण्यात फरक पडत नाही. हार्ट ॲटॅक आला तर मात्र गोष्ट उलटी. तिथे लवकर केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते. तेव्हा रोगी वाढले म्हणजे स्टेंट त्याच प्रमाणात खपतील, हा हिशेब कच्चा आहे.

आमचे मत विचाराल, तर मुलीच्या लग्नाचा किंवा विहिरीच्या मोटारीचा पैसा यात घालू नये. वरकड पैसा असेल व दहा-पंधरा वर्षे विसरता येत असेल, तर एकाच कंपनीत तो अडकवू नये. कारखान्याचा शेअर आणि हा शेअर एक नव्हे. इथे एका सभासदाला एक मत. तिथे जितके शेअर तितकी मते, आणि भाव रोज खालीवर.

भारतात तर सरकारचाही हात आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या स्टेंटला ७,२६० रुपये व लेपाच्या स्टेंटला २९,६०० रुपये कमाल किंमत ठरवली. त्याआधी लेपाचे स्टेंट लाखाच्या वरही विकले जात. हे दर पुढे निर्देशांकाप्रमाणे बदलत आले. कंपन्यांना ते बोचले, रोग्यांना लाभले. त्याच आदेशाप्रमाणे दवाखान्याच्या बिलात स्टेंटची किंमत, कंपनीचे नाव व बॅच नंबर वेगळे दाखवावे लागतात. घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली, तर ते बिल मागून घ्यावे आणि डिस्चार्जच्या कागदांबरोबर जपून ठेवावे. पुढे दुसऱ्या डॉक्टरांकडे जायची वेळ आली, की कुठला स्टेंट बसवला हे ते पहिल्यांदा विचारतात.