विश्लेषण : स्कॅनर एका कंटेनरसाठी जोडला, खबर मात्र शेजारच्यालाही! असे का होते?

चाकण, भोसरी, तळवडे पट्ट्यातील कारखान्यांत मशीन आणि सर्व्हर यांच्यामध्ये बसणारा छोटा डबा, म्हणजे ‘गेटवे’, आता नवलाईचा राहिलेला नाही. आत बहुतेकदा लिनक्स असते. एका व्हेंडरचे सॉफ्टवेअर सीएनसी मशीनचा डेटा गोळा करते, दुसऱ्याचे बारकोड वाचते. दोघांना वेगवेगळ्या ‘कंटेनर’मध्ये ठेवले की एकाचे दुसऱ्याला कळणार नाही, असे गृहीत धरले जाते. ते अर्धेच खरे आहे.

कंटेनर म्हणजे नेमके काय?

एमआयडीसीतील एखादी मोठी शेड डोळ्यांसमोर आणा. पार्टिशन टाकून गाळे पाडलेले, प्रत्येकाला वेगळे शटर, वेगळा मीटर; पण वरचा पत्रा एकच. कंटेनरचेही तसेच आहे. सगळ्यांच्या खाली कर्नल एकच असतो आणि तो ‘नेमस्पेस’ नावाची पार्टिशन घालून देतो. नेटवर्क नेमस्पेसमुळे प्रत्येक कंटेनरला स्वतःची नेटवर्क कार्डे, आयपी पत्ते आणि फायरवॉलचे नियम मिळतात. एकाच डब्यात मशीनचे नेटवर्क आणि ऑफिसचे नेटवर्क वेगळे ठेवता येते, ते यामुळेच.

मग गळती कुठे?

भोंग्यात. कोणतेही उपकरण जोडले किंवा काढले की कर्नल ‘यूइव्हेंट’ नावाचा संदेश सोडतो : अमुक पोर्टवर, अमुक उत्पादकाचे, अमुक उपकरण आले. ‘यूडेव्ह’ हा प्रोग्राम तो ऐकून उपकरणाला नाव आणि परवानग्या देतो. हा संदेश जातो नेटलिंक सॉकेटवरून, आणि हे सॉकेट नेटवर्क नेमस्पेसच्या मालकीचे असते. त्यामुळे पेनड्राइव्ह किंवा स्कॅनर यांचा नेटवर्कशी काडीचा संबंध नसला, तरी त्यांची खबर कुठवर पोहोचेल हे नेटवर्कचे पार्टिशनच ठरवते. जरा विचित्रच रचना, पण आहे ती अशी.

पूर्वी अशा उपकरणांचा भोंगा प्रत्येक नेटवर्क नेमस्पेसमध्ये वाजत असे. शेकडो कंटेनर असले तर एका पेनड्राइव्हसाठी शेकडो संदेश. ऑगस्ट 2018 मध्ये आलेल्या लिनक्स 4.18 मध्ये ख्रिश्चन ब्राउनर यांनी केलेला बदल समाविष्ट झाला. त्यानुसार नेटवर्क कार्डाचा संदेश ते कार्ड ज्या नेमस्पेसमध्ये आहे तिथेच जातो. बाकी उपकरणांचे संदेश फक्त मूळ ‘युजर नेमस्पेस’च्या मालकीच्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये जातात.

खरी मेख इथेच आहे. डॉकर नेहमीच्या पद्धतीने बसवले, तर कंटेनरसाठी वेगळी युजर नेमस्पेस तयार होत नाही. नेटवर्क वेगळे असते, मालक मात्र मूळचाच. म्हणजे 2018 नंतरच्या कर्नलवरही त्या गाळ्यात भोंगा ऐकू येतोच, आणि तो ऐकायला रूटचे अधिकारही लागत नाहीत. अर्थात, ऐकू आले म्हणजे उपकरण उघडता आले असे नव्हे. त्यावर ‘सीग्रुप’चे वेगळे कुलूप असते.

गेटवरच्या पाटीचे काय?

उपकरणांची यादी ‘सिसएफएस’ या आभासी फाइल सिस्टीममध्ये, ‘/सिस’ खाली, दिसते. यातील ‘/सिस/क्लास/नेट’ हा भाग 2010 च्या 2.6.35 आवृत्तीपासून नेमस्पेसनुसार वेगळा दिसतो. हे काम एरिक बीडरमन यांचे. पण कोणती यादी दिसणार, हे सिसएफएस माउंट करताना ठरते. फक्त नेटवर्क नेमस्पेस बदलून आत शिरलात, तर ‘/सिस/क्लास/नेट’ जुन्याच गाळ्याची कार्डे दाखवत राहते. ‘/प्रॉक/नेट’ मात्र नव्या गाळ्याची दाखवते, कारण ती वाट वाचणाऱ्या प्रोसेसच्याच नेमस्पेसकडे नेते. रात्रपाळीत कुणी चुकीची यादी वाचणारी स्क्रिप्ट चालवली, तर मशीनच्या नेटवर्कऐवजी ऑफिसच्या कार्डाचे आकडे बघत बसण्याची वेळ येते. ‘आयपी नेटएनएस एक्झेक’ ही कमांड सिसएफएस नव्याने माउंट करते, म्हणून तिथे हा घोळ होत नाही.

यूएसबी आणि डिस्कच्या याद्यांना तर असे पार्टिशनच नाही. त्या प्रत्येक कंटेनरला साधारणपणे अख्ख्या दिसतात. डॉकर ‘/सिस’ फक्त वाचण्यापुरते देते, एवढाच दिलासा.

व्हेंडरला काय विचारावे?

पहिला प्रश्न : कंटेनर ‘प्रिव्हिलेज्ड’ चालवला आहे का? तसे असेल तर ‘/सिस’मध्ये लिहिताही येते आणि सगळी उपकरणे उघडी पडतात. आतून एखाद्या यूइव्हेंट फाइलमध्ये लिहून ‘नवे उपकरण आले’ असा भोंगा पुन्हा वाजवता येतो आणि मुख्य यंत्रणेचा यूडेव्ह तो खरा मानून कामाला लागतो. दुसरा प्रश्न : रूटलेस पद्धत किंवा युजर नेमस्पेसचे रीमॅपिंग सुरू आहे का? ‘सीरियल पोर्ट चालत नव्हता म्हणून बंद ठेवले’ असे उत्तर आले, तर तो एक पोर्ट तेवढा कंटेनरला द्यायला सांगा. सगळे दरवाजे उघडण्याची गरज नसते.

खात्री करायची असेल, तर ज्या कंटेनरचा स्कॅनरशी संबंध नाही त्यात ‘यूडेव्हएडीएम मॉनिटर’ कर्नल पर्यायासह सुरू करा आणि स्कॅनर काढून पुन्हा लावा. पडद्यावर ओळी उमटल्या, तर भोंगा त्या गाळ्यातही पोहोचतो आहे.