रुपयामागे एक आणा

गावच्या शाळेचा खर्च कोण सोसतो आणि तिचा लाभ कोणाला मिळतो, या हिशेबाचा आपल्याकडील वाद फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातला शेतकरी सारा भरी, तेव्हा दर रुपयामागे एक आणा जादा मोजी. हा लोकल फंड. रस्ते आणि शाळा त्यातून व्हायच्या. परंतु आणा देणाऱ्याचे पोर शाळेत दिसेल तर शपथ!

१८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी नेमके याच वर्मावर बोट ठेविले. पैसा रयतेच्या घामाचा, आणि शिक्षण मात्र वरच्या वर्गाचे, ही त्यांची तक्रार. निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. जोतीराव स्वतः शेती-व्यापार केलेले; त्यांना जमाखर्च कोणी शिकवावयास नको होता.

बडोद्याच्या सयाजीरावांनी १८९३ साली अमरेलीत सक्तीचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानात नेला. तोच दाखला पुढे ठेवून गोखल्यांनी १९११ साली कायदेमंडळात बिल आणले. बिल किती मवाळ! सक्ती फक्त मुलांना, सहा ते दहा वर्षांच्या. तीही स्थानिक मंडळाची इच्छा असेल तेथेच. खर्चाचा एक हिस्सा मंडळाचा, दोन सरकारचे. तरीसुद्धा १९१२ च्या मार्चमध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पोरे शिकली तर शेतावर राबणार कोण, ही काही जमीनदारांची धास्ती होतीच.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली कायदाच केला. फी नाही, आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या आईबापांस महिना एक रुपया दंड. मोलमजुरी करणाऱ्याला हा रुपया जड, हे खरेच. पण राजाने स्वतःच्या तिजोरीलाही तोशीस लावून घेतली होती, हे विसरता कामा नये. १९१९ साली अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम निघाला. फी माफ होऊनही ओसरीवरच बसावे लागत असेल, तर त्या माफीला काय अर्थ?

महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या कारकिर्दीत वर्षाला बाराशे रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळाली. घरात पहिलाच कॉलेजात जाणारा मुलगा, अशी कितीतरी कुटुंबे त्या 'ईबीसी'ने उभी केली. आता त्यासाठी उत्पन्नाचा दाखला हवा, आणि दाखला महसूल खात्याकडचा. ज्या चावडीत आजोबांनी साऱ्यावर आणा मोजला, त्याच चावडीत नातू फीमाफीच्या कागदासाठी तलाठ्याची वाट पाहत बसू लागला.