कर्करोगाचे औषध : किती पुरेसे?

कर्करोगाची गाठ शरीराला पत्ता न लागता वाढते, असा समज आहे. पुष्कळदा ती प्रतिकारशक्तीच्या डोळ्यांदेखत वाढते. टी-पेशी गाठीपर्यंत पोचलेल्या असतात, पण हल्ला करत नाहीत. या पेशींवर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. निरोगी अवयवांना इजा होऊ नये म्हणून निसर्गाने दिलेला तो ब्रेक आहे आणि अनेक गाठी पीडी-एल१ या प्रथिनाच्या जोरावर तोच दाबून धरतात. पीडी-१चा शोध जपानमध्ये तासुकु होन्जो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली लागला. पुढे २०१८ मध्ये होन्जो आणि जेम्स अ‍ॅलिसन यांना नोबेल मिळाले. निवोलुमॅबसारखी औषधे पीडी-१ला चिकटून बसतात आणि गाठीला तिथे पोचू देत नाहीत. औषध गुणकारी आहे, पण भारतातल्या बहुसंख्य रुग्णांना ते परवडत नाही. म्हणूनच ते किती द्यावे, हा प्रश्न नव्या औषधाच्या शोधाइतकाच महत्त्वाचा आहे.

डोस ठरवण्याची जुनी रीत केमोथेरपीतून आली. ती औषधे पेशी मारतात, म्हणून रुग्णाला सोसेल तेवढा जास्तीत जास्त डोस द्यायचा. निवोलुमॅबचे काम वेगळे आहे. पीडी-१चे रेणू व्यापले गेले की उरलेल्या औषधाला करण्यासारखे फारसे राहत नाही. सुरुवातीच्या चाचण्यांत वजनाच्या दर किलोमागे ०.३ मिलिग्रॅम दिले काय किंवा १० मिलिग्रॅम दिले काय, टी-पेशींवरचे रेणू व्यापले जाण्याचे प्रमाण फारसे बदलले नव्हते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील डॉक्टरांनी कमी डोसची ही शक्यता प्रत्यक्ष तपासली. तोंडाच्या व घशाच्या बळावलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. दोघांनाही तोंडावाटे घ्यायची स्वस्त औषधे दिली आणि एका गटाला दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब जोडून दिले. प्रचलित डोस दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम, म्हणजे सहा आठवड्यांत ७२०. इथे तेवढ्याच काळात फक्त ४०. वर्षभरानंतर नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के, तर निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के रुग्ण हयात होते. हे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. या चाचणीत पूर्ण डोसशी तुलना नव्हती, त्यामुळे दोन्ही डोस सारखेच गुणकारी आहेत असे तिच्यावरून म्हणता येत नाही. ते मान्यच करायला हवे. पण ज्या रुग्णाला पूर्ण डोस मिळणारच नाही, त्याच्यासमोर निवड असते ती थोडे औषध की औषधच नाही, अशी. आणि त्या प्रश्नाचे उत्तर चाचणीने स्पष्ट दिले आहे. दुसरा आक्षेप असा की, ही गरिबांसाठी दुय्यम दर्जाची सोय ठरेल. पण कमाल डोसच्या जुन्या रीतीबद्दलची शंका श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेच्या औषध नियामकानेच २०२१ मध्ये कर्करोगाच्या औषधांचे डोस नव्याने तपासून ठरवण्यासाठी ‘प्रोजेक्ट ऑप्टिमस’ हा उपक्रम हाती घेतला.

औषध कमी खपावे, यासाठी कोणतीही कंपनी खर्च करणार नाही. कमी आणि पूर्ण डोसची समोरासमोर तुलना करणाऱ्या चाचण्या म्हणूनच सरकारी पैशातून व्हायला हव्यात. तंबाखू, गुटख्यापायी तोंडाच्या कर्करोगाचा मोठा भार वाहणाऱ्या आपल्या देशाने त्यात पुढाकार घेतला पाहिजे.