मरोळची भातशेती गेली, पण भातखाचरातला बगळा अजून नाल्याकाठी उभा आहे

मरोळच्या बाजूने वाहणाऱ्या मिठी नदीच्या कडेला कधी नीट बघा. मातकट रंगाचा, मान आखडून बसलेला एक पक्षी दिसेल. दिसेल म्हणजे उडाला तरच! बसलेला असताना तो चिखलात मिसळून जातो, आणि पंख उघडले की एकदम पांढराशुभ्र. हा वंचक, म्हणजेच ढोकरी. इंग्रजांनी त्याला ‘पॅडीबर्ड’ म्हटलं, म्हणजे भातखाचरातला पक्षी.

आता मरोळमध्ये भात कुठून आला?

तर साष्टी बेटाचं मुख्य पीकच भात होतं. पुढे १९५१ मध्ये शेजारी आरे दुग्ध वसाहत सुरू झाली, १९७३ मध्ये सीप्झ आलं, एमआयडीसी वाढली आणि खाचरं भरावाखाली गेली. मुंबईतले ईस्ट इंडियन लोक मात्र ऑक्टोबरमध्ये आगेरा सणाला आजही नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेतात.

भातखाचर म्हणजे खरंतर चार महिन्यांचं तळं. बांधाने अडवलेल्या पाण्यात बेडूक, खेकडे, गोगलगायी, चतुरांच्या अळ्या वाढतात. बहुतेक पक्षी येतात ते यांच्यासाठी, भातासाठी नाही. म्हणून इथे पक्षी बघायचे तर शेतकऱ्याचं वेळापत्रक पाठ हवं.

चिखलणी सुरू झाली की नांगरामागे गायबगळे हजर. पावसाळ्यात त्यांचं डोकं नारिंगी होतं आणि वंचकाची पाठ तांबूस, त्यामुळे नवखे लोक हमखास गोंधळतात. रोपं वाढली की त्यांच्या आडोशाने पाणकोंबडी फिरते.

याच दिवसांत सुगरण पक्ष्याचा नर भाताच्या हिरव्या पातीच्या बारीक पट्ट्या फाडून नेतो आणि खोपा विणतो. सालिम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला हे प्रकरण बारकाईने पाहिलं. नर अर्धवट खोपा बांधून थांबतो, मादी येऊन तपासते, पसंत पडला तरच संसार सुरू. मग हे महाशय दुसरा खोपा बांधायला घेतात! सुगरणी दाणे खातात ही शेतकऱ्याची तक्रार खरी आहे, पण पिल्लांना त्या किडेही भरवतात.

कापणीनंतर अनेकजण शेताकडे पाठ फिरवतात. तेव्हाच तर खरी मजा असते. धसकटांवर गप्पीदास बसतो, ओलाव्यात धोबी आणि तुतवार शेपूट हलवत फिरतात. हे हिवाळी पाहुणे. पाणलावा लांब चोच मऊ चिखलात खुपसून किडे शोधतो. वंचकाचं नाल्यावर भागतं, पाणलाव्याचं काँक्रीटवर भागत नाही. भराव पडला की त्याची जागा संपली.

मरोळकरांना लांब जायची गरज नाही. आरेतल्या काही आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात अजून भात लागतो. सकाळी उजाडल्यावर जा, एकटे नको, कारण बिबट्याही तिथलाच रहिवासी आहे. शेत कुणाचं आहे ते विचारून मगच थांबा. ओल्या बांधावर घोळक्याने चढू नका, बांध खचला की खाचरातलं पाणी निघून जातं. फोटो खुशाल टाका, पण खोप्याचं लोकेशन टाकू नका.