चष्म्याच्या भिंगावरचे अदृश्य थर

चष्म्याचे भिंग नितळ दिसते, तेव्हाही ते उघडे नसते. आजच्या बहुतेक चांगल्या भिंगांवर एकावर एक अनेक थर चढवलेले असतात आणि त्यांतले काही थर जेमतेम मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतके जाड असतात. चष्मा पुसताना आपण हात लावतो तो या थरांना.

लेप नसलेल्या साध्या भिंगाच्या प्रत्येक बाजूवरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. जुनी, हवेने डागाळलेली काच नव्या काचेपेक्षा कमी प्रकाश परतवते, हे लॉर्ड रॅले यांनी १८८६ मध्ये नोंदवले. तोच परिणाम मुद्दाम घडवून आणण्याची रीत १९३५ मध्ये जर्मनीतील झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी शोधली. निर्वात पेटीत पारदर्शक पदार्थाची वाफ करायची आणि तिचा थर भिंगावर बसू द्यायचा. या थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश ठेवली, की थराच्या वरच्या आणि खालच्या बाजूंनी परतणाऱ्या लाटा एकमेकींना खोडून काढतात. तो प्रकाश वाया जात नाही. भिंगातून पार होऊन डोळ्यापर्यंत पोहोचतो. अशा अनेक थरांमुळे आज परावर्तन १ टक्क्याच्याही खाली आणता येते.

बोटाचे तेल हे नाजूक गणित बिघडवते. म्हणूनच कोटिंग असलेल्या भिंगावर बोटांचे ठसे साध्या भिंगापेक्षा ठळक दिसतात. त्यावर उपाय म्हणून सर्वांत वर फ्लोरिनयुक्त रेणूंचा आणखी एक अतिसूक्ष्म थर देतात. त्यावर पाणी आणि तेल पसरत नाही, त्यांचे थेंब होतात.

खरा शत्रू मात्र धूळ. तिच्यातील गारेचे कण मोहस् मापनावर ७ इतके कठीण असतात, तर दुकानात ज्याला ‘फायबर’ म्हणतात ते प्लास्टिकचे भिंग त्यामानाने फारच मऊ. कोरडे भिंग सदऱ्याच्या टोकाने किंवा पदराने पुसले, की हेच कण त्यावर घासले जातात आणि ओरखडे उमटतात. म्हणून आधी वाहत्या पाण्याखाली धूळ जाऊ द्यावी. पाणी थंड किंवा कोमट असावे. कडकडीत पाण्याने प्लास्टिक आणि त्यावरचे थर कमी-अधिक फुगतात आणि लेपाला बारीक तडे जाऊ शकतात. मग भांड्यांच्या सौम्य लिक्विड साबणाचा एक थेंब पुरतो. साबणाच्या रेणूचे एक टोक तेलाला धरते, दुसरे पाण्याला; त्यामुळे न घासताही तेल सुटते. भिंगांसाठीच्या स्प्रेमध्येही असेच द्रव्य, पाणी आणि बहुधा थोडे अल्कोहोल असते. खिडक्यांसाठीचे अमोनियायुक्त द्रावण आणि व्हिनेगर मात्र कोटिंगला घातक.

शेवटी मायक्रोफायबरचे फडके. जपानच्या तोरे कंपनीतील मियोशी ओकामोतो यांनी १९७० मध्ये अतिसूक्ष्म तंतू बनवण्याची रीत विकसित केली. ज्याच्या ९,००० मीटर लांबीचे वजन १ ग्रॅमहूनही कमी भरते, त्या तंतूला मायक्रोफायबर म्हणतात. असंख्य तंतूंच्या फटींत तेल ओढले जाते. पण त्याच फटींत धूळही साठते, म्हणून फडके साबणाने नियमित धुवावे. फॅब्रिक सॉफ्टनर वापरू नये. त्याचा चिकट थर तंतूंवर बसतो आणि पुढे भिंगावर उतरतो.

आधी पाणी, मग साबण, शेवटी स्वच्छ फडके: हा क्रम पाळला, तर साध्या नळाखालीही महागड्या भिंगाची उत्तम निगा राखता येते.