उन्हाची पेटी

बालमित्रांनो, आमच्या काष्टीच्या जनावरांच्या बाजाराचं नाव तुमच्यापैकी कितीतरी जणांनी ऐकलं असेल. दौंडहून अहिल्यानगरला जाताना श्रीगोंदा तालुक्यात हे गाव लागतं. दर शनिवारी इथं बाजार भरतो. बैल घ्यायला आलेला शेतकरी नुसता रंग बघून पैसे मोजत नाही. आधी दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. मगच व्यवहार! आज आपण जी वस्तू करणार आहोत, तिचाही नियम हाच. आधी तपासायचं, मोजायचं, आणि मग विश्वास ठेवायचा.

ही वस्तू म्हणजे उन्हाची पेटी. हातात उचलून नेता येईल असं छोटंसं वीजघर! तुम्ही म्हणाल, "त्यात काय नवल? सौर पॅनेल तर आता घरोघरी दिसतात." खरं आहे. पण छपरावरच्या पॅनेलला हात कोण लावू देतं? ते वर, आपण खाली. त्याला फिरवता येत नाही, झाकून बघता येत नाही, उघडून तर नाहीच नाही. पेटी मात्र सायकलच्या कॅरियरवर बसते. आज चौथीच्या वर्गात, उद्या सातवीच्या, परवा वस्तीवरच्या शाळेत.

सामान काय काय लागेल, ते लिहून घ्या. १० वॅटचं, १२ व्होल्टच्या बॅटरीला चालणारं सौर पॅनेल. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी. कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते ना, तीच. छोटा चार्ज कंट्रोलर, ५ अँपिअरचा फ्यूज, दोन बटणं, १२ व्होल्टवर चालणारा ५ वॅटचा एलईडी दिवा, कॉम्प्युटरमधला २ वॅटचा छोटा पंखा, लाल-काळी वायर आणि एक मल्टिमीटर. पेटी लाकडाची किंवा जाड प्लायवुडची, जुनी असली तरी चालेल.

दुकानात गेलात की पॅनेल उलटं करा. मागच्या कागदावर बारीक अक्षरात आकडे असतात. ते म्हणजे बैलाचे दात! तिथं २१ ते २२ व्होल्टच्या आसपास आकडा दिसेल. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी २१ व्होल्ट कशाला? समोरचे चौकोन मोजा. असे पॅनेल बहुधा ३६ घटांचे असतात. एका घटाचा दाब साधारण ०.६ व्होल्ट. आता गुणाकार करा: २१.६! पॅनेलला काहीच जोडलेलं नसतानाचा हा दाब. काम करताना तो खाली येतो, शिवाय बॅटरीत वीज भरायची तर पॅनेलचा दाब बॅटरीपेक्षा जास्त हवाच. पाणी उंचावरून खाली वाहतं, तसंच.

घट सिलिकॉनचे असतात. सिलिकॉन आपल्या वाळूतही असतं, पण इथं ते अतिशय शुद्ध करून वापरतात. उजेड पडला की त्यातले इलेक्ट्रॉन सुटतात आणि एका दिशेनं वाहू लागतात. हीच वीज. उजेडापासून वीज मिळते हे फ्रान्समधल्या एडमंड बेकरेल यांना १८३९ मध्ये दिसलं, तेव्हा ते १९ वर्षांचे होते! उजेड इलेक्ट्रॉन कसे मोकळे करतो, याचा उलगडा आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये केला. सिलिकॉनचा कामाचा घट अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. आपला पहिला उपग्रह 'आर्यभट' १९७५ मध्ये आकाशात गेला, तोही सौरघटांच्या विजेवर.

आता पेटी जोडू या. पॅनेल हेच पेटीचं झाकण. बिजागरी दक्षिणेच्या बाजूला लावायची, म्हणजे झाकण उत्तरेकडून उचललं जाईल आणि पॅनेल दक्षिणेकडे कललेलं राहील. किती उचलायचं? आपलं गाव विषुववृत्ताच्या उत्तरेला जितके अंश, साधारण तितका कोन वर्षभरासाठी ठीक असतो. काष्टीला तो सुमारे साडेअठरा अंश. झाकण ३५ सेंटिमीटर लांब असेल, तर त्याची कडा ११ सेंटिमीटर उचला. कोन जमला! खाली बॅटरीला सावली मिळते, वाराही लागतो.

वायरी जोडताना क्रम चुकवायचा नाही. आधी बॅटरी कंट्रोलरला, मग पॅनेल कंट्रोलरला, शेवटी दिवा आणि पंखा. सोडवताना बरोबर उलटं. फ्यूज बॅटरीच्या लाल टोकाजवळच लावायचा. बॅटरीची दोन टोकं धातूच्या कशानंही जोडली जाऊ द्यायची नाहीत, कारण छोटी दिसली तरी ती वायर लालबुंद करू शकते. आई-बाबांनो, जोडणीच्या वेळी तुम्ही किंवा गुरुजी शेजारी हवेत. आणि ही पेटी घरातल्या प्लगला कधीही जोडायची नाही.

पेटी झाली. आता खरी गंमत! मल्टिमीटर १० अँपिअरवर लावा. बॅटरीपासून सोडवलेल्या एकट्या पॅनेलच्या दोन टोकांना त्याच्या वायरी टेकवा. (अशा रीतीनं मीटर फक्त या छोट्या पॅनेललाच लावायचा. बॅटरीला नाही, घरातल्या प्लगला तर मुळीच नाही!) करंटचा आकडा वहीत लिहा आणि हे चार प्रयोग करा.

पहिला. पेन्सिल पॅनेलवर काटकोनात उभी धरा. तिची सावली दिसेनाशी होईल असं पॅनेल फिरवा. आता ते सूर्याच्या अगदी समोर आहे. आकडा लिहा. मग ६० अंशांनी वळवा. आकडा निम्म्याच्या जवळ येईल. ऊन तेच, पॅनेल तेच, फक्त तोंड फिरवलं!

दुसरा. पुठ्ठ्यानं एकच घट पूर्ण झाका, क्षणभरच. तुम्हाला वाटेल, ३६ पैकी एक गेला, काय बिघडलं? पण आकडा छत्तिसाव्या भागानं नाही, त्याहून कितीतरी जास्त घसरतो. कारण घट एका ओळीत जोडलेले असतात. अरुंद पुलावर उसाची एक गाडी अडली की मागची सगळी रांग थांबते ना? तसंच. म्हणून पॅनेलवर फांदीची सावली नको.

तिसरा. आठवडाभर पॅनेल पुसू नका. मग आकडा लिहा, ओल्या फडक्यानं पुसा, पुन्हा लिहा. धूळ किती वीज खाते, ते तुमचं तुम्हालाच कळेल.

चौथा प्रयोग मोठ्यांनाही चकवतो. मीटर आता व्होल्टवर लावा. सकाळी पॅनेल गार असताना उन्हात ठेवल्या ठेवल्या दाब मोजा आणि भर दुपारी ते तापल्यावर पुन्हा मोजा. दुपारचा दाब कमी भरेल! पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नव्हे. २५ अंश सेल्सियसच्या वर तापमान जसं वाढतं, तशी सिलिकॉनच्या पॅनेलची ताकद दर अंशाला साधारण ०.४ टक्का घटते.

इथंवर आलं की वर्गातून एक प्रश्न हमखास येतो. "गुरुजी, ऊन तर फुकट आहे. मग संध्याकाळी पेटी संपते कशी?" प्रश्न लाखमोलाचा आहे. चला, हिशेब मांडू.

१० वॅटचं पॅनेल. पूर्ण ताकदीचं ऊन दिवसाला सरासरी ५ तास धरू. १० गुणिले ५ म्हणजे ५० वॅट-तास. त्यातलं काही उष्णतेत जातं, काही धुळीत, काही बॅटरी भरताना आणि काढताना. हाती ३० उरतात असं समजा. ही आपली दिवसाची कमाई. ५ वॅटचा दिवा ४ तास अभ्यासाला: २० वॅट-तास. २ वॅटचा पंखा ५ तास: १०. जमा ३०, खर्च ३०. अंथरूण पाहून पाय पसरले!

आता दादा मोबाइल घेऊन येतो. "जरा चार्ज करून दे रे." मोबाइल पूर्ण भरायला साधारण १५ वॅट-तास लागतात. म्हणजे तुमच्या अभ्यासाच्या दिव्याचे ३ तास गेले! मग पेटीतून आधी काय चालवायचं, हे घरात बसून ठरवावं लागतं. बॅटरीत थोडी शिल्लक असते, नाही असं नाही. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. पण ही बॅटरी निम्म्याखाली रिकामी करत राहिलं तर ती लवकर खराब होते. दोन दिवस आभाळ आलं की शिल्लकही संपते.

मोठ्या वस्तूंचं तर बोलूच नका. १००० वॅटची इस्त्री जेमतेम दोन मिनिटांत दिवसाची सगळी कमाई खाते. आजीच्या काळातला ६० वॅटचा पिवळा दिवा अर्ध्या तासात! त्याच ३० वॅट-तासांत आपला एलईडी दिवा ६ तास जळतो.

पालकांनो, विजेचं बिल काढा. बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. घरात महिन्याला ६० युनिट जळत असतील, तर रोजचे २ युनिट झाले. अशा जवळजवळ ६७ पेट्यांची कमाई! मुलांना सांगा, हा भागाकार त्यांनाच करू द्या. रिकाम्या खोलीतला पंखा बंद करायला मग ओरडावं लागणार नाही.

हाच विचार घेऊन एक भलीमोठी 'पेटी' देशभर फिरायला निघाली होती. मुंबईच्या आय.आय.टी.त सौरऊर्जेवर काम केलेले प्राध्यापक चेतन सिंह सोलंकी यांनी २०१४ मध्ये गावोगावच्या विद्यार्थ्यांना सौर दिवे देण्याचा प्रकल्प सुरू केला. महाराष्ट्रही त्यात होता. दिव्यांची जुळणी गावातल्याच माणसांना शिकवली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये ते 'ऊर्जा स्वराज यात्रे'ला निघाले, तेही सौर बसमधून. बसवर ३.२ किलोवॅटची पॅनेल आणि आत ६ युनिटची बॅटरी. राहणं, स्वयंपाक, शिकवणं, सगळं त्यातच. त्यांचा सांगावा तीन पायऱ्यांचा: आधी टाळा, मग कमी करा, आणि उरेल तेवढीच वीज स्वतः तयार करा. पॅनेलचा नंबर शेवटचा, बरं का!

आमच्या भागातल्या मुलांना हे चटकन पटतं. रात्रीची लाईट असली की बाबांना अंधारात दारं धरायला जावं लागतं. साप, विंचू, बिबट्या, सगळ्यांची भीती. शेतात सौरपंप आला की पाणी दिवसा देता येतं. ३ अश्वशक्तीच्या पंपाला सुमारे ३००० वॅटची पॅनेल लागतात. म्हणजे आपल्या पेटीसारखी ३०० झाकणं! त्यांच्यावरही धूळ बसते, सावली पडते. पेटीवर प्रयोग केलेली मुलगी सौरपंपाजवळ उभी राहिली, तर बाभळीची कोणती फांदी तोडायची हे ती बाबांना सांगू शकते.

पेटी करायला महिना लागेल. पण हिशेबाची वही आजच सुरू करता येते. तीन रकाने आखा: वस्तू, वॅट, किती तास. घरातल्या प्रत्येक दिव्यावर, पंख्यावर, टीव्हीवर वॅट लिहिलेले असतात, शोधून काढा. आठवडाभर लिहा आणि रविवारी बेरीज करून आई-बाबांसमोर ठेवा. मग विचारा, "यातलं काय टाळता येईल?"