एक डॉक्टर, दोन टेबलं

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरच्या वाट्याला दोन टेबलं असतात. एका टेबलावर काम चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार असतो. त्याच्या डोळ्याला भूल दिलेली असते, डोळा स्वच्छ केलेला असतो, उपकरणांचा ट्रे मांडून ठेवलेला असतो. पहिली शस्त्रक्रिया आटोपली की सूक्ष्मदर्शक शेजारच्या टेबलाकडे वळतो आणि डॉक्टर पुढच्या डोळ्याला हात घालतात. केसपेपर शोधणं, रुग्णाला उचलून आणणं, ट्रे लावणं यांत त्यांचं एक मिनिटही जात नाही. अशा रीतीने इथला एक डॉक्टर वर्षाला दोन हजारांच्या आसपास शस्त्रक्रिया करतो. देशातल्या सरासरीच्या हे कित्येक पट आहे.

इतक्या घाईत डोळ्याचं भलं होतं का, ही शंका कुणालाही येईल, आणि ती रास्तच आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत सर्वांत मोठी भीती डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग होण्याची. अरविंदच्या डॉक्टरांनी सहा लाखांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडून २०१७ साली शोधनिबंध प्रसिद्ध केला. दहा हजारांमागे सात डोळ्यांना होणारा हा संसर्ग, शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात प्रतिजैविक सोडायला लागल्यावर दोनवर आला होता. सहा लाख शस्त्रक्रियांची नीट नोंद हाताशी असणं हेच मला त्या निबंधातलं सर्वांत मोलाचं वाटतं. आपल्याकडच्या किती रुग्णालयांना गेल्या वर्षीचा असा आकडा सांगता येईल?

हे सगळं उभं केलं डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी. सगळे त्यांना डॉ. व्ही म्हणत. १९१८ साली तमिळनाडूतल्या एका खेड्यात त्यांचा जन्म झाला. त्यांना व्हायचं होतं प्रसूतितज्ज्ञ. पण ऐन तारुण्यात संधिवाताने गाठलं आणि बोटं कायमची वाकडी झाली. मग ते नेत्रशास्त्राकडे वळले, त्याच बोटांना नाजूक उपकरणं धरायला शिकवलं आणि सरकारी नोकरीत राहून हजारो डोळे उघडले. १९७६ साली, वयाच्या ५८व्या वर्षी, ते निवृत्त झाले आणि मदुराईतच एका घरात ११ खाटांचं रुग्णालय सुरू केलं. सोबत बहीण डॉ. नाचियार आणि मेहुणे डॉ. नंपेरुमाळसामी होते. पैशांसाठी घर गहाण पडलं, घरातले दागिनेही गेले. रुग्णालयाला नाव दिलं ते श्रीअरविंदांचं.

अमेरिकेत त्यांनी मॅकडोनाल्डची दुकानं पाहिली होती. साध्या मुलामुलींना नीट शिकवलं तर तोच पदार्थ, त्याच दर्जाचा, हजार ठिकाणी मिळू शकतो, हे त्यांच्या मनात बसलं. अरविंदवर लिहिणारे बहुतेक जण या गोष्टीपाशी थांबतात. माझ्या मते खरी कळ त्या शिकवण्यात आहे. आसपासच्या खेड्यांतल्या, नुकतंच शालेय शिक्षण संपवलेल्या मुलींना इथे दोन वर्षं प्रशिक्षण देतात. नजर तपासणं, डोळ्यातला दाब पाहणं, भिंगाचं माप काढणं, घाबरलेल्या आजीला शस्त्रक्रियेचं समजावून सांगणं, थिएटरमध्ये हाताशी उभं राहणं, हे सारं त्या करतात. डॉक्टरकडे उरतं ते फक्त निदान आणि शस्त्रक्रिया. डॉक्टरचा वेळ ही रुग्णालयातली सर्वांत महागडी वस्तू. ती वाया गेली की तिची किंमत दारात ताटकळणारा गरीबच मोजतो.

पैसे द्यायचे की मोफत विभागात जायचं, हे रुग्णानेच ठरवायचं. उत्पन्नाचा दाखला कुणी मागत नाही. खोलीत फरक पडतो, भिंगात पडतो, बरेचदा पद्धतीतही पडतो: पैसे भरणाऱ्यांची बहुधा अल्ट्रासाऊंड यंत्राने होणारी फेको, मोफत विभागात बहुधा हाताने केलेली छोट्या छेदाची शस्त्रक्रिया. डॉक्टर मात्र तेच, आळीपाळीने दोन्हीकडे जाणारे. निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र दरात होतात आणि तरीही संस्था आपल्या कमाईवर चालते.

इतकं असूनही सुरुवातीला गावांतल्या नेत्र शिबिरांत तपासलेले कितीतरी लोक शस्त्रक्रियेला यायचेच नाहीत. चौकशी केली तेव्हा कळलं की शस्त्रक्रिया फुकट असली तरी बसभाडं, जेवण आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी फुकट नव्हती. मग रुग्णालयाने बस पाठवली, जेवण घातलं, परत घरी सोडलं. दुसरी अडचण भिंगाची. परदेशी भिंग शंभर डॉलरच्या घरात, म्हणून गरिबाच्या नशिबी शस्त्रक्रियेनंतरही जाड काचांचा चष्मा यायचा. १९९२ साली अरविंदने ऑरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढला आणि तेच भिंग दहा डॉलरच्या आसपास आणलं. आज ही भिंगं शंभराहून अधिक देशांत जातात. २००४ पासून खेड्यापाड्यांत छोटी दृष्टिकेंद्रंही उभी राहिली. तिथे प्रशिक्षित मुलगी डोळा तपासते आणि दूर बसलेला डॉक्टर पडद्यावरून रुग्णाशी बोलतो.

ही पद्धत जशीच्या तशी सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. मोतीबिंदू हा एकच आजार, एकच शस्त्रक्रिया, आणि ती पुन्हा पुन्हा करायची. बाळंतपण किंवा हृदयविकार असा वेळापत्रकात बसत नाही. पण बाह्यरुग्ण विभागातली रांग, केसपेपर, दुसऱ्या दिवशी किती रुग्ण येतील याचा अंदाज, कोणतं काम कुणी करायचं याची वाटणी, या गोष्टी प्रत्येक रुग्णालयात असतात आणि त्या शिकता येतात.

त्या शिकवण्यासाठी अरविंदने १९९२ सालीच मदुराईत लायको ही प्रशिक्षण संस्था काढली. देशोदेशीच्या शेकडो नेत्र रुग्णालयांनी तिची मदत घेतली आहे; तिथे कुठलीही युक्ती गुपित म्हणून झाकून ठेवत नाहीत. महाराष्ट्रात गावोगावी धर्मादाय नेत्रालयं आहेत आणि त्यांचे विश्वस्त नवी इमारत, नवं यंत्र यांसाठी देणग्या गोळा करत असतात. पुढची देणगी मागण्याआधी त्यांनी आपले दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक व्यवस्थापक आठवडाभर मदुराईला पाठवावेत.